पैसे आधी मागितले नाहीत, तिथेच फसलो

गेल्या दीड वर्षात टपाल तिकिटांपायी माझे एकवीस हजार दोनशे पन्नास रुपये गेले. रक्कम मुद्दाम पूर्ण लिहितोय, कारण घरी बरेच दिवस मी ती 'दहा-बारा हजार' अशी सांगत होतो.

मी कोथरूडला राहतो. पिंपरीतल्या एका कारखान्याच्या हिशेब खात्यातून निवृत्त झालो आणि शाळेत असतानाचा अल्बम माळ्यावरून खाली काढला. जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी चकरा मारायला लागलो, साधू वासवानी चौकातल्या मुख्य टपाल कचेरीत नवी तिकिटं घ्यायला जायला लागलो. जुन्या बाजारात वस्तू हातात घेऊन बघता येते, घासाघीस करता येते, आणि विकणारा पुढच्या रविवारी तिथेच बसलेला असतो. त्याची किंमत तेव्हा कळली नाही.

मग ओळखीतल्या एकाने परगावच्या एका विक्रेत्याचा नंबर दिला. हा गृहस्थ 'अप्रूव्हल'वर तिकिटं पाठवतो म्हणे. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. विक्रेता छोट्या वहीत तिकिटं लावून पोस्टाने पाठवतो. प्रत्येक तिकिटाखाली पेन्सिलीने किंमत लिहिलेली असते. आपण निवांत बघायचं, हवी ती काढून घ्यायची आणि ठरलेल्या दिवसांत उरलेली वही आणि घेतलेल्या तिकिटांचे पैसे परत पाठवायचे. आगाऊ एक रुपयाही द्यायचा नाही. जगभर शंभराहून अधिक वर्षं हा धंदा असाच चालत आलाय आणि असंख्य विक्रेते तो सचोटीने करतात. पद्धतीत खोट नाही.

पहिलं पाकीट आलं ते अजून डोळ्यांसमोर आहे. तेव्हा रजिस्टर्ड पोस्ट होतं (२०२५ मध्ये ते स्पीड पोस्टात विलीन झालं). पाकिटावर छापील लेबल नव्हतं, खरी तिकिटं चिकटवली होती, आणि त्यात २००६ सालचं चंदनाच्या वासाचं पंधरा रुपयांचं तिकीट. मी दारातच पाकीट नाकाला लावलं. पोस्टमन हसला. आत बटर पेपरचे खिसे असलेली वही, चोवीस तिकिटं आणि स्वच्छ अक्षरातली चिठ्ठी: 'काका, सावकाश बघा. दहा दिवस आहेत. विश्वास महत्त्वाचा.'

तिकिटं उत्तम होती. ब्रिटिश हिंदुस्थानच्या तिकिटांवर संस्थानाचं नाव वरून छापलेली, म्हणजे ओव्हरप्रिंट केलेली. चंबा, फरीदकोट, ग्वाल्हेर, जिंद, नाभा आणि पतियाळा या सहा संस्थानांनी इंग्रजांशी टपाल करार केला होता, त्यातल्या चौघांची होती. ग्वाल्हेरच्या तिकिटावर इंग्रजीखाली देवनागरीत 'ग्वालियर' छापलेलं आहे, ते भिंगातून बघताना वेळ कसा गेला कळलं नाही. ही ओव्हरप्रिंट तिकिटं म्हणजे लबाडांची आवडती जागा, कारण खालचं तिकीट खरं आणि स्वस्त असतं, फक्त वरची अक्षरं खोटी मारायची. हे मला माहीत होतं, म्हणून डोळ्यांत तेल घालून तपासली. सगळी अस्सल, आणि किमती बाजारापेक्षा कमीच. नऊ ठेवली, अकराशे चाळीस रुपये पाठवले. दुसऱ्या वहीतून आणखी सहा. मधल्या काळात फोन सुरू झाले. माणूस बोलायला गोड. मी त्याला काय काय सांगून बसलो! अल्बम कसा सापडला, डोळ्यांचं ऑपरेशन कधी झालं, आणि माझे आजोबा तरुणपणी नैरोबीला रेल्वेच्या कचेरीत होते. हे शेवटचं त्याने लक्षात ठेवलं.

तिसऱ्या वहीत एका खिशात भोर संस्थानचं १८७९ चं तिकीट होतं. पुण्याचा माणूस आणि भोरचं तिकीट! पंत सचिवांच्या संस्थानचं, हातशिक्क्याने उमटवलेलं, कडेला छिद्रं नसलेलं, लालसर. किंमत साडेपाच हजार. परवडणारं नव्हतं. दोन दिवस बघून घेतलं आणि जसंच्या तसं खिशात सरकवून वही परत पाठवली.

आठवड्याने त्याचा फोन. आवाज नेहमीसारखाच मऊ. 'काका, एक बारीकशी गोष्ट होती. भोरचं तिकीट परत आलं, पण मी पाठवलेलं ते हे नाही. हे खोटं आहे. तुम्ही मुद्दाम केलं असं मी म्हणतच नाही हो. तुमच्या टेबलावर दुसरं असेल, चिमट्याने उचलताना अदलाबदल झाली असेल. ऑपरेशननंतर होतं असं. जाऊ द्या, माझं नुकसान मी सोसतो.'

माझ्याकडे भोरचं दुसरं तिकीट कधी नव्हतंच. तरी मी ते ठामपणे बोलू शकलो नाही. कान गरम झाले. या माणसाने एक पैसा न घेता तीन वेळा माल माझ्या घरी पाठवला, आणि मी... संध्याकाळभर टेबलाखाली बॅटरी घेऊन शोधत होतो. बायको म्हणाली, 'नसलेली वस्तू काय शोधताय?' बरोबर होतं तिचं. पण मी दुसऱ्या दिवशी त्याला निम्मे, सत्तावीसशे पन्नास रुपये पाठवले. तो 'नको नको' म्हणाला आणि मग घेतले.

आता लिहिताना कळतं की तिथे माझ्या हातात पुरावा नव्हता. वही पाठवण्याआधी मी एकही फोटो काढला नव्हता. आलेली वही उघडताना, आणि परत जाताना प्रत्येक पान पुढून-मागून मोबाईलवर टिपून ठेवायला पाच मिनिटं लागतात. पण त्याने माझ्यावर विश्वास टाकला असताना मी फोटो काढायचे, हे मला अप्रशस्त वाटलं. दुकानात आपण विक्रेत्याला पारखतो. इथे माल आधी माझ्या घरी येऊन पडत होता, त्यामुळे प्रामाणिकपणा सिद्ध करायची पाळी माझ्यावर आली होती. विक्रेत्याकडे बघायचं राहूनच गेलं.

अशा मनःस्थितीत चौथं पाकीट आलं. त्यात एकच तिकीट. केनिया आणि युगांडाचं, पंचम जॉर्जचं, एक पौंडाचं, काळं आणि नारिंगी, १९२२ च्या मालिकेतलं. वर नैरोबीचा गोल शिक्का. चिठ्ठीत लिहिलं होतं, 'तुमच्या आजोबांच्या गावचं. दुसऱ्या गिऱ्हाइकाला दाखवलेलं नाही. कॅटलॉगची किंमत बघा, मी फक्त साडेअठरा हजार लावलेत.'

कॅटलॉग, म्हणजे तिकिटांच्या किमतींचं छापील पुस्तक, बघितला. किंमत खरंच फार मोठी होती. एक गोष्ट मात्र नीट वाचली नाही. अशा तिकिटांना कॅटलॉगमध्ये टपालाचा शिक्का असेल तर एक किंमत असते, आणि दस्तऐवजावर मुद्रांक म्हणून वापरलेल्या प्रतीला वेगळी, खूपच कमी. वसाहतींची मोठ्या किमतीची तिकिटं दोन्ही कामांना चालत. पौंड म्हणजे वीस शिलिंग. एवढं तिकीट पत्राला कोण लावतो? बहुतेक प्रती जमिनीच्या, कर्जाच्या कागदांवर लागल्या आणि त्यांवर कारकुनांनी पेनाने सह्या-तारखा ओढून त्या रद्द केल्या. लबाड लोक ती शाई रसायनाने धुतात आणि वर टपालाचा खोटा शिक्का मारतात. तिकीट अस्सल, छपाई अस्सल, दातेरी कडाही अस्सल. खोटा असतो तो फक्त शिक्का, आणि किंमत त्याचीच असते.

मी पैसे पाठवले. आजोबांच्या फोटोशेजारी ठेवून तिकिटाचा फोटो काढला, नातेवाइकांना पाठवला. तोवर दहा दिवस उलटून गेले होते.

दोन महिन्यांनी नारायण पेठेतल्या एका जुन्या संग्राहकांकडे मिरवायला घेऊन गेलो. त्यांनी आधी माझी संस्थानांची तिकिटं बघितली. एकेक चिमट्याने उचलत म्हणाले, 'खरं आहे. हेही खरं. सगळी खरी आहेत. स्वस्तात दिलीत तुम्हाला.' मी खूश. मग पौंडाचं तिकीट बघितलं, उलटं केलं, उजेडाकडे तिरकं धरलं, आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. शेवटी एवढंच म्हणाले, 'चला, खाली भाच्याचं मेडिकल आहे.'

दुकानात नोटा तपासायचा जांभळा दिवा होता. गिऱ्हाईक हटल्यावर काउंटरवर काळा कागद पसरून त्यांनी तिकीट दिव्याखाली ठेवलं. नैरोबीचा शिक्का मागे पडला. राजाच्या गालावरून एक तिरकी, गडद रेघ वर आली, मग तिला जोडून दुसरी. दोन अक्षरं, बहुधा आद्याक्षरं, आणि शेवटी खाली ओढलेला फाटा, आपल्याकडे कारकून सही संपवताना ओढतात तस्सा. मागच्या बाजूला टाक दाबून लिहिल्याची खाचही दाखवली त्यांनी. धुतल्यावर शाई डोळ्यांना दिसेनाशी झाली होती, पण कागदातून गेली नव्हती. माझे आजोबाही नैरोबीत कारकूनच होते. त्या क्षणी, खोटं कशाला बोलू, मला रागाआधी ती सहीच बघत राहावंसं वाटलं.

'आधीची सगळी खरी होती, म्हणूनच तर हे घेतलंत,' ते म्हणाले. भोरची गोष्ट सांगितल्यावर ते नुसतं 'हूं' म्हणाले. मला मात्र त्या बाबतीत अजून स्वतःचीच शंका होती.

विक्रेत्याला फोन केला. गोडवा संपला होता. 'दहा दिवसांत परत केलं नाहीत, म्हणजे विकत घेतलंत. कायदा आहे.' हे निम्मं खरं आहे, आणि अप्रूव्हल घेणाऱ्या प्रत्येकाने ते माहीत करून घ्यावं. १९३० च्या माल विक्री कायद्याचं कलम २४ असंच सांगतं: पसंतीवर पाठवलेला माल ठरलेल्या मुदतीत नापसंती न कळवता ठेवून घेतला, तर मालकी आपल्याकडे येते. पाकीट कपाटात राहिलं, गावाला गेलो, विसरलो, तरी खरेदी झाली. पण त्याने न सांगितलेलं निम्मं असं, की फसवून करवलेला करार फसला गेलेला माणूस रद्द करू शकतो. ते १८७२ च्या करार कायद्यात आहे. मी हे बोललो तेव्हा त्याने फोन ठेवला. नंतर नंबर बंद. पाकिटावरचा पत्ता एका झेरॉक्सच्या दुकानाचा निघाला. दुकानवाले म्हणाले, तो माणूस फक्त पत्रं घेऊन जायचा.

पोलिसांत अर्ज दिला आहे. ग्राहक आयोगात तक्रार करणार आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही आणि घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते, हे १९१५ या हेल्पलाइनवर विचारण्याआधीच एका वकील मित्राने सांगितलं. पैसे मिळतील असं वाटत नाही. महाग तिकीट घेताना 'तज्ज्ञांचं प्रमाणपत्र येईपर्यंत मुदत वाढवून द्या' असं लेखी मागता येतं, चांगले विक्रेते ते देतात, हेही आता कळलं. मागितलं असतं तर तो त्याच दिवशी पळाला असता, आणि तेवढ्यात निभावलं असतं.

हे सगळं लिहायचं मी टाळत होतो. गेल्या महिन्यात आमचे पोस्टमन जिन्यात भेटले. म्हणाले, 'काका, ती चंदनाच्या वासाची पाकिटं तुम्हाला यायची ना, तशीच आता समोरच्या सोसायटीत एका आजोबांना येतात.'

मी त्याच संध्याकाळी गेलो. आजोबा ऐंशीच्या पुढचे. वह्या कपाटातून काढून कौतुकाने दाखवल्या, तीच पेन्सिल, तेच अक्षर. मी विचारलं, व्यवहार ठीक चाललाय ना? त्यांनी स्वयंपाकघराकडे बघितलं, सून ऐकत नाही ना याची खात्री केली, आणि माझ्या जवळ सरकून म्हणाले, 'माणूस देव आहे हो. माझ्याच हातून एक चूक झाली. परत पाठवताना एक तिकीट बदललं गेलं माझ्याकडून. डोळे अधू झालेत ना.'

'कुठलं?' मी विचारलं. 'भोरचं का?'