ऑर्किडच्या फ्लास्कमधल्या रोपांसाठी टँक: फॉगर लावू की मिस्टिंग?

टँक, म्हणजे झाकणाची काचपेटी, आणून झालाय, लाईट बसलीये, फ्लास्क, म्हणजे बियांपासून निर्जंतुक बाटलीत वाढवलेली इवली रोपं, महिन्याभरात येतोय आणि घोडं पेंड खातंय ते एकाच ठिकाणी, आर्द्रतेसाठी फॉगर (पाण्याचं बारीक धुकं करणारं यंत्र) घ्यायचा की मिस्टिंगचा पंप (नोझलमधून थोडा थोडा वेळ फवारा मारणारा). तुमचं असं झालं असेल तर मी कुठून कुठे आलो ते सांगतो. मी दोन्ही वापरलंय, आधी अडीच वर्षं मिस्टिंग आणि मग फॉगर, त्याला आता तीन वर्षं होतील, आणि मधे चारेक महिने दोन टँक शेजारी शेजारी ठेवून एकाच फ्लास्कमधली रोपं दोन्हीकडे वाटून ठेवली होती. कागदावरची तुलना तुम्ही केली असणारच, किती वॉटचा, किती नोझल वगैरे, त्यात मी जात नाही.

आधी एक गोष्ट, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. फ्लास्कमध्ये रोप वाढतं ते जवळपास 100 टक्के आर्द्रतेत, त्यामुळे त्याच्या पानावरचा मेणाचा थर पातळ असतो आणि पानांवरची रंध्रं नीट मिटायला शिकलेली नसतात. बाहेर काढलं की पाणी राखायचं कसं हे त्याला माहीतच नसतं. 25 अंश तापमानात आर्द्रता 90 वरून 60 टक्क्यांवर आली तर आकड्यात तिसाचा फरक दिसतो, पण हवेची पाणी ओढायची ताकद चौपट झालेली असते. म्हणून पहिले काही आठवडे टँक लागतोच. पण त्याच रोपाच्या मुळांना फ्लास्कमधल्या आगारचे (रोपं ज्यात वाढतात त्या जेलीचे) कण चिकटलेले असतात आणि त्या आगारात साखर असते (ऑर्किडच्या बियांमध्ये स्वतःचा अन्नसाठा जवळजवळ नसतोच, 1922 साली लुईस नडसनने साखर घातलेल्या आगारवर बुरशीच्या मदतीशिवाय बी रुजवून दाखवलं, आजच्या फ्लास्कचं मूळ तिथे आहे), म्हणजे तुम्ही कितीही धुतलं तरी थोडी साखर, थोडं पाणी आणि ऊब असं सगळं एका जागी जमतं आणि बुरशीला नि जिवाणूंना अजून काय हवं. थोडक्यात रोपाला ओली हवा हवीये, ओलं अंग नकोय. फॉगर आणि मिस्टिंग यात मला जो फरक दिसला तो इथेच.

मिस्टिंगच्या बाजूने आधी बोलतो, कारण ती चांगलीच वस्तू आहे आणि मी अजूनही ठेवलीये. पंप सुरू झाला, दहा सेकंद फवारा आला, बंद झाला, बाकी वेळ काही आवाज नाही. पाण्याची टाकी मोठी ठेवली तर दोन आठवडे बघायला लागत नाही. लाकडाच्या तुकड्यावर बांधलेली छोटी झाडं असतील, लेपँथिस किंवा छोटी बल्बोफायलम, तर त्यांना पाणी पण त्यातूनच मिळतं आणि पानंही धुतली जातात. आरओचं पाणी दोन्हीकडे लागतंच, साध्या पाण्यातले क्षार मिस्टिंगमध्ये नोझलच्या भोकात बसतात आणि फॉगरमध्ये पांढरी भुकटी होऊन पानांवर, काचेवर आणि लाईटवर बसतात, तेव्हा त्या बाबतीत कुणी डावंउजवं नाही. मात्र नोझल बुजलं तर ते कुणी सांगत नाही, टँकचा एक कोपरा गुपचूप कोरडा पडत जातो आणि तुम्हाला कळतं तेव्हा तिथल्या रोपाचं पान सुरकुतलेलं असतं.

आता ज्याने माझं ठरलं ते. पॅफिओपेडिलम रॉथशिल्डियानम या ऑर्किडचा एक फ्लास्क होता माझ्याकडे. ज्यांना माहितीये त्यांना सांगायला नको, बोर्निओतल्या किनाबालू पर्वताच्या परिसरातली जात, रानात अगदी मोजक्या जागी उरलेली, फुलावर यायला दहा वर्षं सुद्धा लागू शकतात. सगळंच पॅफिओपेडिलम साईट्सच्या (दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) सगळ्यात कडक अशा परिशिष्ट 1 मध्ये असल्याने आपल्यासारख्यांसाठी कायदेशीर उत्पत्तीचा फ्लास्क हाच सरळ रस्ता, आणि म्हणूनच त्यातलं एकेक रोप गेलं की जीव तुटतो. अकरा रोपं निघाली त्यातून. बारीक बार्क (झाडाची साल), परलाईट (हलके पांढरे खडे) आणि थोडं स्फॅग्नम मॉस असं करून ट्रेमध्ये लावली, मिस्टिंग दिवसातून चार वेळा. पाच आठवडे झकास. मग एका सकाळी दिसलं की दुसऱ्या रांगेतल्या रोपाचा पोंगा चहाच्या रंगाचा झालाय, मधलं पान चिमटीत धरलं तर काही जोर न लावता हातात आलं, खालचं टोक बुळबुळीत आणि वास. पुढच्या पंधरा दिवसात अजून दोन, तशीच. पानं हिरवी, मुळं पांढरी, आणि मधला पोंगा गेलेला.

मी आधी बुरशीनाशकाच्या मागे लागलो, मग वाटलं आगार धुण्यात कमी पडलो, मग फॅन वाढवला. आणि एक दिवस संध्याकाळचा शेवटचा फवारा झाल्यावर लाईट बंद झाली तेव्हा सहज टॉर्च घेऊन टँकसमोर बसलो. धुकं खाली बसलं, काच थोडी निवळली, आणि नोझलच्या टोकाशी एक थेंब फुगताना दिसला. फुगला, जरा थरथरला आणि सरळ खाली, रोपाच्या बरोब्बर मधे. मग दुसरा. पंप केव्हाच बंद झालेला पण पाईपमध्ये उरलेलं पाणी आणि दाब तिथूनच वाट काढत होता. मी मोजले, सात थेंब पडले. दिवसातून चार वेळा सात सात थेंब, रोज त्याच जागी, आणि पॅफच्या रोपाची पानं दोन्ही बाजूला अशी उघडलेली असतात की मधे इवलीशी वाटीच तयार होते, त्यात पडलेलं पाणी रात्रभर तिथेच. गेलेली तिन्ही रोपं नोझलच्या ओळीखाली होती. एर्विनिया म्हणतात त्या जिवाणूंची कूज पाण्याच्या उडणाऱ्या थेंबांबरोबर पसरते, म्हणजे एक रोप सडलं की हाच थेंब ते शेजारच्याकडे पोचवणार.

यावर उपाय नाहीत असं नाही. थेंब न गळणारी नोझल मिळतात, आत स्प्रिंगचा छोटा वॉल्व्ह असतो, ती लावली आणि चार महिने खरंच एक थेंब पडला नाही, पण मग वॉल्व्हच्या बैठकीत बारीक काहीतरी अडकलं आणि परत सुरू. नोझल काचेकडे वळवून बघितली तर पाणी पाईपवरून ओघळत जाऊन दुसरीकडेच टपकायला लागलं. ट्रे सरकवला तर थेंब नवीन रोपावर. तुमची जुळणी माझ्यापेक्षा चांगली बसली असेल तर हा त्रास तुम्हाला कदाचित होणारही नाही, आणि अकरा रोपांवरून कुणी नियम सांगू नये हे मला मान्य आहे. पण दर आठवड्याला टॉर्च घेऊन कुठलं नोझल गळतंय बघायचं, हे दहा वर्षं जपायच्या रोपांसाठी मला नको वाटलं.

फॉगरचे कण काही मायक्रॉनचे असतात, मिस्टिंगच्या थेंबाच्या मानाने फारच बारीक, ते तरंगतात आणि फॅन असेल तर बरेचसे पानावर बसायच्या आधी हवेतच विरतात. फॅन असेल तर, हे परत सांगतो, कारण फॅनशिवाय फॉगर म्हणजे धुकं खाली साचून मॉस चिंब आणि वरचं अर्धं टँक कोरडं. कॉम्प्युटरमधला 80 मिलिमीटरचा एक फॅन कमी स्पीडला चोवीस तास पुरतो, वारा रोपांवर थेट न मारता काचेवर आपटून फिरेल असा लावायचा. आणि यात मला सगळ्यात आवडलं ते हे की कुंडीतलं पाणी माझ्या हातात राहिलं. हवा ओली ठेवायचं काम मशीनचं, मॉस कधी भिजवायचं ते मी बोट लावून ठरवणार. मिस्टिंगमध्ये ही दोन कामं एकत्रच होतात आणि हवेसाठी फवारा वाढवला की मुळं बुडतात.

पण फॉगर हवेतली आर्द्रता बघून चालतो म्हणजे सेन्सरवर चालतो, आणि सेन्सरनेच मला सुरुवातीला रडवलं. धुक्याच्या वाटेत सेन्सर आला की तो ओला होतो, 99 दाखवतो आणि तिथेच अडकून बसतो, कंट्रोलरला वाटतं सगळं छान आहे, फॉगर बंद राहतो आणि दुसऱ्या टोकाची रोपं तहानेने कासावीस. सेन्सर फॉगरच्या तोंडापासून लांबात लांब, रोपांच्या उंचीला, वर छोटं प्लास्टिकचं छप्पर करून लावा. आणि लावायच्या आधी मिठाची परीक्षा घ्या. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन थोडंच पाणी घालायचं, ओल्या वाळूसारखं झालं पाहिजे, विरघळता कामा नये, ते आणि सेन्सर एका हवाबंद डब्यात रात्रभर ठेवायचं, सेन्सरला मीठ लागू द्यायचं नाही. 25 अंशांच्या आसपास डब्यातली हवा 75 टक्क्यांवर स्थिर होते. माझा नवाकोरा सेन्सर 83 दाखवत होता. आठ टक्क्यांची चूक, म्हणजे मी 85 ला ठेवलंय समजून रोपं 77 मध्ये बसणार होती.

रात्रीचं गणित दोन्हीकडे लक्षात ठेवा. 25 अंशांना 80 टक्के असलेली हवा 22 अंशांवर आली की पाणी अजिबात न घालता 96 टक्क्यांवर पोचते. लाईट बंद झाली की हे आपोआप होतं. फॉगरचा कंट्रोलर ते बघून स्वतःच गप्प बसतो. मिस्टिंगच्या साध्या टायमरला हे कळत नाही, त्यामुळे शेवटचा फवारा लाईट बंद व्हायच्या किमान तीन तास आधी हवा. माझा संध्याकाळचा फवारा लाईट बंद व्हायच्या तोंडावर होता आणि त्या तीन रोपांच्या जाण्यात त्याचाही हात असणार असं मला आता वाटतं. (मिस्टिंगलाही हायग्रोस्टॅट, म्हणजे आर्द्रता बघून चालू-बंद करणारा स्विच, जोडता येतो, पण फवाऱ्याचा धक्का एवढा मोठा असतो की आकडा एकदम वर जाऊन हळूहळू उतरतो, मला ते कधी नीट जमलं नाही.)

रोपं बाहेरच्या हवेला सरावण्याच्या बाबतीत तर माझ्या मते फॉगर बराच पुढे आहे. पहिले दोन आठवडे 92, मग आठवड्याला दोन टक्के कमी, कंट्रोलरवर फक्त आकडा बदलायचा, अडीच महिन्यांत 75 च्या खाली येता. चालू आणि बंद होण्याच्या आकड्यांमध्ये चारपाच टक्क्यांचं अंतर ठेवा, नाहीतर दर मिनिटाला टकटक चालू बंद होत राहतं. मिस्टिंगमध्ये हेच सेकंद कमीजास्त करून आणि झाकणाची फट वाढवून साधावं लागतं, जमतं, पण अंदाजावर.

फॉगरचा त्रास म्हणजे साफसफाई. दर आठवड्याला भांडं रिकामं करून घासायचं, धुकं तयार करणाऱ्या चकतीवर थर आला असेल तर सायट्रिक अॅसिडच्या पाण्यात थोडा वेळ ठेवायची. हे टाळलंत तर भांड्यात बुळबुळीत थर धरतो आणि त्यातले जिवाणू धुक्याबरोबर रोपांवरही जातात नि झाकण उघडं असेल तर आपल्या नाकातही, म्हणून यात आळस नको. खत त्या पाण्यात कधीच घालू नका, पाण्यात विरघळलेलं सगळं हवेत उडतं. भांडं छोटं असेल तर दोनतीन दिवसांनी भरावं लागतं, पाणी संपल्यावर बंद होणाराच फॉगर घ्या, कोरडी चालली की चकती गेलीच म्हणून समजा. तुम्ही महिन्यातून दहा दिवस घराबाहेर असाल तर खरं सांगायचं तर मिस्टिंगच बरं पडेल, नोझल गळतीवर तेवढं लक्ष ठेवा आणि टँकच्या तळाला पाणी जायला भोक हवं.

शेजारी शेजारी ठेवलेल्या त्या दोन टँकमध्ये, पुढच्या फ्लास्कची चौदा रोपं सात सात वाटली होती, मिस्टिंगकडची दोन पोंग्यातून गेली आणि फॉगरकडचं एक मुळांतून गेलं, ते मी मॉस फार ओलं ठेवलं म्हणून. वाढीत मला फारसा फरक दिसला नाही, मिस्टिंगकडची पानं उलट जरा जास्त स्वच्छ होती. पण फॉगरकडे पोंग्यातून एकही गेलं नाही आणि त्यानंतरच्या फ्लास्कमध्येही अजूनपर्यंत गेलेलं नाही.

मिस्टिंगचा पंप आता वरच्या टँकला आहे. रोपाची पानं बोटाएवढी लांब झाली, 70 टक्क्यांत आठवडाभर ताठ राहिली की ते वर जातं, तिथे सकाळी एकच फवारा, आणि नोझलच्या ओळीखाली मी कुंडी ठेवत नाही, तिथे फक्त दगड आहेत. रॉथशिल्डियानमची उरलेली आठही तिथेच आहेत, सगळ्यात मोठ्याचं पान या महिन्यात 11 सेंटीमीटर भरलं.