मिग-21 चं किट म्हणून काय आलं: माझे साडेएकवीस हजार कसे गेले

गेल्या वर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये एका माणसाने मला 21,500 रुपयांना फसवलं. प्लॅस्टिकची स्केल मॉडेल विमानं बनवणारे आपण मोजके लोक. आपल्याला काय हवं असतं, कुठल्या शब्दावर आपला विश्वास बसतो, हे त्या माणसाला नीट ठाऊक आहे. त्याचं दुकान अजून चालू आहे, म्हणून जसं घडलं तसं सगळं लिहितो.

मी त्रिमूर्तीनगरला राहतो. सोळा-सतरा वर्षांपासून विमानं बनवतो, बहुतेक 1/72 मध्ये, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढी. मला हवं ते किट नागपुरात दुकानात गेलो आणि मिळालं, असं सहसा होत नाही. वॉटर पेपर, सुपरग्लू, मास्किंग टेप इतवारीतून येतं, बाकी सगळं बाहेरून मागवायचं. त्यामुळे अनोळखी माणसाला आधी पैसे पाठवणं आणि मग पार्सलची वाट पाहणं ह्याची सवय झालेली. इतक्या वर्षांत कोणी फसवलं नव्हतं.

माझे मोठे मामाजी हवाईदलात एअरफ्रेम फिटर होते. 1970 साली भरती झाले, कितीतरी वर्षं मिग-21 वर काम केलं आणि शेवटी इथे वायुसेनानगरला मेंटेनन्स कमांडमधून निवृत्त झाले. त्यांचं विमान म्हणजे मिग-21 एफएल, हवाईदलाच्या भाषेत टाइप 77. नाशिकजवळ ओझरला एचएएलने, म्हणजे हिंदुस्थान एरोनॉटिक्सने बनवलेलं. ते एफएल डिसेंबर 2013 मध्ये कलाईकुंड्याला निवृत्त झालं तेव्हा मामाजी दोन दिवस फारसं बोलले नव्हते. मग 2025 मध्ये बातमी आली की 26 सप्टेंबरला चंदीगडला उरलेल्या सगळ्याच मिग-21 ना निरोप देणार आहेत. 1963 पासून चाललेलं विमान. मी ठरवलं, की मोठ्या स्केलचं, 1/48 चं टाइप 77 मामाजींसोबत बसून बनवायचं. त्यांचे हात आता थरथरतात, पण कुठला पत्रा कुठे बसतो हे त्यांना झोपेतही सांगता येतं. भाऊबीजेला ते आईकडे येतात. त्या दिवशी त्यांच्या हाताने खोकं उघडायचं आणि सुरुवात करायची, असा बेत होता.

मला एडुआर्ड ह्या चेक कंपनीचं 1/48 चं मिग-21 पीएफचं किट हवं होतं. एफएल हे पीएफचंच निर्यातीसाठीचं रूप, त्यामुळे पाया तोच. पण निरोपाच्या बातम्यांमुळे मिगची किटं सगळेच शोधत होते आणि मला कुठेच सापडेना. ओळखीच्या दोन-चार जणांना विचारून ठेवलं होतं. आठवड्याभरात एका अनोळखी नंबरवरून मेसेज आला, की तुम्हाला पीएफ हवं आहे असं कळलं, माझ्याकडे आहे.

पुण्याला असतो म्हणाला. मोठा भाऊ मॉडेल बनवायचा, तो गेला, आता वहिनींना कपाट रिकामं करायचं आहे, कोणीतरी जाणत्या माणसाकडे जावं एवढीच इच्छा. ह्या गोष्टीवर मी लगेच विश्वास ठेवला, कारण आपल्या प्रत्येकाच्या मनात हीच भीती असते, की आपल्यामागे हे कपाट भंगारवाल्याकडे जाईल. पण नुसत्या त्या गोष्टीने मी फसलो नाही. त्याने मला विचारलं, "एफएल करणार की बीआयएस? एफएल असेल तर मेटल फिनिश येईल, पुट्टी जपून लावा." बीआयएस म्हणजे मिग-21 चं नंतरचं रूप, आणि पुट्टी म्हणजे सांधे बुजवायचा लगदा. हे वाक्य आपलं काम केलेल्या माणसाचंच वाटतं. कोऱ्या धातूच्या रंगाखाली काहीच लपत नाही. सँडपेपरचा एक ओरखडा राहिला तरी चांदीसारख्या थरातून तो उठून दिसतो. म्हणून आधी चकचकीत काळा थर देऊन त्यावर अल्क्लाडसारखा धातूचा रंग मारतात. त्याला हे सगळं माहीत होतं. मला वाटलं, भावाच्या शेजारी बसून शिकला असेल.

आधी छोटा व्यवहार झाला, तोही त्यानेच सुचवला. हंटर विमानाच्या डिकल्सची (पाण्यात भिजवून मॉडेलवर चिकटवायच्या छापील खुणांची) एक शीट आणि गोंदाची एक बाटली, कुरिअरसकट 850 रुपये. तिसऱ्या दिवशी पार्सल घरी आलं, दुहेरी बबल रॅपमध्ये, डिकल्स दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये. मी बायकोला पॅकिंग दाखवलंसुद्धा. मला पटवण्यावर त्याने एवढे कष्ट घेतले होते, हे आता कळतं.

मग मोठा व्यवहार. पीएफचं किट, त्यासाठी रेझिनची सीट, धातूची पिटोट नळी (नाकापुढे येणारी वेग मोजायची नळी), भारतीय खुणांच्या डिकल्स, एवढ्याचे 9,500. भावाचा 0.3 मिमीचा एअरब्रश (रंग फवारायचं पेन) आणि त्याला हवा देणारा टाकीवाला कॉम्प्रेसर, त्याचे 12,000. किंमत अर्ध्याने कमी असती तर मी थबकलो असतो. ती बाजारापेक्षा थोडीच कमी होती, आणि घासाघीस केली तर तो नाराज झाला. 10,000 आधी पाठवले, उरलेले 11,500 पार्सल निघण्याआधी. दोन्ही यूपीआयने. खात्यावर त्याने सांगितलेल्या आडनावापेक्षा वेगळं आडनाव दिसत होतं. "वहिनींच्या माहेरचं खातं आहे," म्हणाला. मी गप्प बसलो, कारण घरात मृत्यू झालेल्या माणसाला खात्याबद्दल उलटतपासणी करायची मला लाज वाटली.

दसऱ्यानंतर, 8 ऑक्टोबरला किटचं खोकं आलं. कॉम्प्रेसर जड आहे, दिवाळीच्या गर्दीत मागे राहिला, पुढच्या आठवड्यात येईल असं कळवलं. खोकं अगदी बरोबर होतं, चित्र तेच, वजनही हाताला पटलं. वरून पारदर्शक प्लॅस्टिक घट्ट गुंडाळलेलं. प्रवासात भाग हलू नयेत म्हणून पुन्हा सील करून घेतलं, असं त्याने आधीच सांगून ठेवलं होतं. मामाजींनी उघडावं म्हणून मी ते तसंच कपाटावर ठेवलं. पंधरा दिवस रोज येता-जाता पाहत होतो. त्या पंधरा दिवसांतच पैसे अडवायची संधी हातातून गेली. पार्सलवरच्या चिठ्ठीवर पाठवणाऱ्याचा पिनकोड 411 ने सुरू होत नव्हता, म्हणजे पार्सल पुण्याहून निघालंच नव्हतं. ते मी भाऊबीजेनंतर पाहिलं.

23 ऑक्टोबर, भाऊबीज. आईने ओवाळलं, जेवणं झाली, आणि मी खोकं मामाजींच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी नखाने प्लॅस्टिक फाडलं, झाकण काढलं. नव्या किटचे भाग प्लॅस्टिकच्या एका चौकटीला, फ्रेमला, जोडलेले येतात. इथे भाग फ्रेमवर नव्हते, बरेचसे कापून छोट्या पिशव्यांत भरलेले. मला पहिला धक्का तिथेच बसला, तरी वाटलं की भावाने काम सुरू करून सोडलं असेल. मामाजींनी फ्युजलाजचा, म्हणजे विमानाच्या धडाचा, अर्धा भाग उचलला, चष्मा वर केला, आणि पाठीवरून अंगठा फिरवला. बराच वेळ काही बोलले नाहीत.

"काहून रे, हे 77 म्हणून आणलं का तू?"

"हो, मामाजी."

"हे 77 नाही. ह्याची पाठ पाहा किती जाड आहे. आणि हे पंख. चार जागा आहेत खाली टांगायच्या. आपल्या विमानाला दोनच होत्या."

एका पंखाखाली एक, असे एफएलला दोनच पायलन, म्हणजे टाकी किंवा क्षेपणास्त्र टांगायच्या जागा. चार पायलन आणि कॅनोपीमागे (वैमानिकावरच्या काचेच्या झाकणामागे) जाड होत गेलेली पाठ, हे नंतरच्या मिग-21 चं रूप. मी भाग हातात घेतला तेव्हा बाकीचं दिसलं. पॅनलच्या रेषा उठावाच्या होत्या, खोदलेल्या नाहीत. कुठलं तरी खूप जुन्या साच्यातलं स्वस्त किट, फ्रेमवरचे नंबर आणि नावं दिसू नयेत म्हणून कापून पिशव्यांत भरलेलं. काचेचे भाग नव्हतेच, म्हणजे कॅनोपी नाही, पुढची काच नाही. फोटो-एचची, म्हणजे बारीक भाग कोरून काढलेली पितळी पट्टी होती, पण तिच्यातले निम्मे भाग आधीच कुणीतरी कापून वापरलेले. रेझिनची सीट नाही, पिटोट नळी नाही.

डिकल्स पाहून सगळ्यात वाईट वाटलं. तिरंगी गोल सुंदर दिसत होते. मी एक कोपरा कापून कोमट पाण्यात टाकला. खरी डिकल अर्ध्या मिनिटात कागदावरून सरकायला लागते. इथे काहीच सरकलं नाही, कागद फुगला आणि केशरी रंग पाण्यात पसरला. रंगीत प्रिंटरवर चकचकीत कागदावर काढलेली छापील प्रत होती ती.

मामाजी पिशव्या एकेक करून परत खोक्यात ठेवत होते. "इथून शेपूट वेगळी करायचो आम्ही, इंजिन काढायचं असलं की," असं म्हणत त्यांनी फ्युजलाजवरचा जोड दाखवला. खऱ्या मिग-21 चं इंजिन काढायला मागचा भाग सोडवून मागे ओढावा लागतो, म्हणून मॉडेलवर ती फट पुट्टीने बुजवायची नसते. हे मला त्यांच्याकडून काम करता करता शिकायचं होतं.

मी त्याला त्याच संध्याकाळी फोन केला. ओरडला नाही, टाळलं नाही. म्हणाला, "पंधरा दिवसांनी सांगताय? कुरिअरवाल्यांनी बदललं असेल. उघडतानाचा व्हिडिओ आहे का?" नव्हता. मग आवाज मऊ केला, "तरी वहिनींना विचारून पैसे परत करतो." तीन दिवस उद्या-परवा करत गेले. चौथ्या दिवशी क्यूआर कोड आला, त्याखाली लिहिलेलं, रिफंड 21,500. स्कॅन करा, पिन टाका, पैसे जमा होतील. मी स्कॅन केलासुद्धा. बायको शेजारी बसून पाहत होती. तिने फोन माझ्या हातातून घेतला आणि म्हणाली, "पैसे येताना पिन कधी मागतात?" यूपीआयमध्ये पिन पैसे देताना लागतो, मिळताना कधीच लागत नाही. हे मला माहीत होतं. पण ज्याचे पैसे गेले आहेत तो परत मिळणार म्हटल्यावर डोळे मिटून चालतो. तिने अडवलं नसतं तर आणखी 21,500 गेले असते. त्या रात्रीपासून तो नंबर बंद आहे.

1930 ह्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर मी 28 ऑक्टोबरला फोन केला आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवली. तिथल्या माणसाने शांतपणे सगळं ऐकून घेतलं. लवकर कळवलं तर समोरच्या खात्यात पडलेले पैसे गोठवता येतात, पण माझे पैसे त्या खात्यातून केव्हाच पुढे गेले होते. तुमच्या बाबतीत असं झालं तर "परत करतो" ह्या शब्दावर एक तासही थांबू नका. आधी 1930, मग बाकीचं बोलणं. तो गोड बोलत राहतो तो वेळ काढण्यासाठीच.

मी आता वापरलेलं किंवा उघडलेलं किट घेताना खोक्याच्या फोटोकडे पाहतच नाही. खोकं रिकामं मिळतं, विकतही मिळतं. प्रत्येक फ्रेमचा फोटो मागतो, फ्रेमवरचा नंबर दिसेल असा, शेजारी त्या दिवसाचं वर्तमानपत्र. काचेच्या भागांचा वेगळा. पंखावर मोजपट्टी ठेवायला सांगतो. मिग-21 च्या पंखांचा विस्तार 7.15 मीटर, म्हणजे 1/48 मध्ये एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साधारण 149 मिलिमीटर यायला हवेत. ज्याच्याकडे किट खरोखर आहे त्याला हे करायला पाच मिनिटं लागतात आणि तो ती आनंदाने देतो, कारण आपल्यालाही आपलं किट दाखवायला आवडतं. ज्याच्याकडे नाही तो दुखावल्यासारखं करतो. घरातल्या मृत्यूचं नाव काढून प्रश्न विचारायची लाज वाटायला लावली, की तिथेच व्यवहार थांबवायचा, हे मी स्वतःशी पक्कं केलं आहे. आणि पार्सल हातात आल्यावर त्याच दिवशी उघडायचं, कापायच्या आधीपासून व्हिडिओ चालू ठेवून, चिठ्ठीवरचा पिनकोड त्यात दिसेल असा. भेट द्यायची असली तरी.

त्याने मला पाठवलेले फोटो मी नंतर शोधले. ते परदेशातल्या कुणा मॉडेलरचे, कित्येक वर्षांपूर्वीचे निघाले. जानेवारीत नाशिकच्या एका ओळखीच्या मुलाला तेच फोटो दुसऱ्या नंबरवरून आले. ह्या वेळी गेलेले वडील होते आणि विकणारा इंदूरचा होता. फोटो ओळखायची खूण सांगतो. खोकं हिरव्या कटिंग मॅटवर ठेवलेलं आहे. मॅटच्या डाव्या कोपऱ्यात सोल्डरिंगने जळल्याचा नखाएवढा काळा डाग आहे, आणि मागे टेबललॅम्पच्या दांड्याला पिवळी टेप गुंडाळलेली आहे. हे फोटो कुणाला आले तर पैसे पाठवू नका, नंबर आणि खात्याचा तपशील जपून ठेवा आणि थेट 1930 ला कळवा.