वासोटा-नागेश्वरच्या वाटा आणि वाटाडे : एका हंगामाच्या वापरानंतर

पावसाळ्यानंतर कोयना अभयारण्य खुले झाल्यापासून उन्हाळा लागेपर्यंत कोयनेच्या खोऱ्यात वरचेवर जाणे झाले, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. साताऱ्याहून कासमार्गे बामणोली, तेथून कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयातून लाँचने पायथ्याचे मेट इंदवली आणि पुढे वासोटा किल्ल्याचा चढ हा क्रम बहुतेकांना ठाऊक आहे, त्यामुळे त्यात शिरत नाही.

वासोट्याची वाट मळलेली आहे. ओढ्याकाठच्या मारुतीपासून गर्द सावली सुरू होते आणि चढ दमवणारा असला तरी ऊन फारसे लागत नाही. त्यामुळे सुरुवातीला माझे मत असे होते की मोबाईलवर उतरवून घेतलेला मार्ग पुरेसा आहे आणि वाटाड्याचे पैसे वाचवता येतील. हिवाळ्यात वासोट्यापुरते ते खरेही ठरले. नागेश्वरच्या गुहेकडे जाणाऱ्या वाटेवर मात्र ते मत बदलावे लागले. वासोट्याची वाट सोडून फाट्यानंतर ही वाट ओढ्याच्या पात्रातून, दगडगोट्यांवरून जाते. वर झाडांचे दाट छत आणि बाजूला कडे असल्याने उपग्रहाचे संकेत अडतात, कड्यांवर आदळून परततात आणि पडद्यावरचा ठिपका कधी या काठावर तर कधी त्या काठावर उडी मारतो. मार्चमध्ये पाचोळ्याने पायवाटही झाकली गेली. नागेश्वरला वाटाड्याशिवाय जाऊ नये, हे मी आता ठामपणे सांगेन.

परंतु वाटाडा कोणता, हा खरा प्रश्न आहे. शहरातील एका आयोजकाने माणशी रक्कम घेऊन ‘मार्गदर्शकासह’ सहल नेली होती. त्या मार्गदर्शकाला लाँच परतीला केव्हा सुटायची आहे हेच ठाऊक नव्हते. लाँच माणशी नव्हे, पूर्ण ठरवावी लागते आणि तिचा थांबण्याचा अवधीही ठरलेला असतो. गडावर छायाचित्रांसाठी मनसोक्त थांबू दिल्यामुळे आम्ही उशिरा उतरलो, लाँचवाल्याने वाढीव थांब्याचे पैसे मागितले, जे त्याच्या बाजूने रास्तच होते, आणि आयोजकाने ते आमच्याकडूनच वसूल केले. रक्कम मोठी नव्हती, पण ज्या कामासाठी आधीच पैसे मोजले होते त्याच कामातील ढिलाईचा भुर्दंड आम्ही का सोसावा, याचा राग अजून गेलेला नाही.

म्हणूनच आता वाटाडा ठरवताना मी पहिला प्रश्न एकच विचारतो : गडावरून परत किती वाजता फिरायचे? अभयारण्यात मुक्कामाला परवानगी नाही आणि अंधारात जंगलातून उतरणे म्हणजे गवा किंवा अस्वल समोर येण्याचा धोका पत्करणे. जो माणूस लाँच सुटण्याच्या वेळेवरून उलटा हिशेब करून घड्याळाची वेळ सांगतो, त्यालाच घ्यावे.

बामणोली, शेंबडी, मुनावळे या काठच्या गावांतील वाटाडे या कसोटीला उतरले. लाँचवाले त्यांच्या ओळखीचे असल्याने परतीची वेळ निघतानाच पक्की होते. शिवाय कोयना धरणाने गावे उठली तेव्हाच्या आठवणी यांच्या घरांत आहेत. रानात मध्येच फणस किंवा आंबा दिसला की तिथे कोणाचे घर होते, जोते कुठे आहे, हे ते सांगतात. शेकरूचे घरटे आपल्याला सुकलेल्या पानांचा ढिगारा वाटते. ते थांबवून दाखवतात. गडावरील बाबू कड्याच्या टोकाशी उभे राहून दरीपलीकडच्या, जुना वासोटा म्हणतात त्या डोंगराकडे बोट दाखवत, 1818 मध्ये इंग्रजांनी तिथूनच तोफा डागल्या हे एका वाटाड्याने सांगितले, तेव्हा मधल्या भयाण दरीची रुंदी प्रथमच नीट लक्षात आली.

एक उणीव या स्थानिक वाटाड्यांबाबतही आहे. दर आधी स्पष्ट सांगितला जात नाही आणि मोठा गट असला तरी एकच माणूस पुढे चालतो, मागचे मागेच राहतात. दहापेक्षा अधिक जण असाल तर दोघांना घ्यावे. लाँचचा खर्च वाटला गेल्यावर ते परवडते.

पहिल्यांदा जाणाऱ्यांनी केवळ वासोटा करावा. नागेश्वर आणि वासोटा एकाच दिवसात होतात, पण त्यासाठी सकाळची पहिली लाँच आणि चालण्याची सवय हवी. फक्त नागेश्वरची गुहा पाहायची असेल तर महाशिवरात्रीचा दिवस टाळावा, कारण त्या दिवशी कोकणातून चोरवणे गावाच्या वाटेने भाविकांची मोठी गर्दी वर येते. प्लास्टिकच्या वस्तू वनखाते मोजून नोंदवते, त्यामुळे पाण्यासाठी धातूची बाटली न्यावी, म्हणजे निघताना तपासणीत वेळ जात नाही आणि परतीच्या हिशेबातील तेवढी मिनिटे हाताशी राहतात.