गेरेरो की अब्रेयू : हॉल ऑफ फेमचा कौल देताना काय मोजावं?

कूपर्सटाउनच्या बेसबॉल हॉल ऑफ फेमसाठी (महान खेळाडूंच्या सन्मान-यादीसाठी) 'चांगला' फलंदाज पुरेसा आहे का, हा वाद सोडवायला व्लादिमीर गेरेरो आणि बॉबी अब्रेयू यांच्यासारखी दुसरी जोडी शोधून सापडायची नाही. दोघेही राइट फील्डर (मैदानाची उजवी मागची बाजू सांभाळणारे), दोघांचंही मेजर लीगमधलं, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल स्पर्धेतलं, पदार्पण १९९६चं. म्हणजे काळ एक, जागा एक. निकाल मात्र दोन टोकांचे. गेरेरो २०१८ मध्ये, उमेदवारीच्या दुसऱ्याच वर्षी, बेसबॉल पत्रकारांची ९२.९ टक्के मतं घेऊन आत गेला. अब्रेयूला २०२० मध्ये पहिल्या खेपेला ५.५ टक्के मिळाली. ५ टक्क्यांच्या खाली गेलं तर नाव यादीतून कायमचं जातं, म्हणजे तो थोडक्यात वाचला.

| | गेरेरो | अब्रेयू |
|---|---|---|
| सामने | २,१४७ | २,४२५ |
| हिट (चेंडू मारून बेस गाठला) | २,५९० | २,४७० |
| होम रन (एका फटक्यात सगळे बेस फिरून धाव) | ४४९ | २८८ |
| डबल (दोन बेसांची हिट) | ४७७ | ५७४ |
| वॉक (चार चुकीचे चेंडू पडल्यावर मिळणारा पहिला बेस) | ७३७ | १,४७६ |
| बॅटिंग सरासरी | ०.३१८ | ०.२९१ |
| ऑन-बेस (बेसवर पोचण्याचं प्रमाण) | ०.३७९ | ०.३९५ |
| स्लगिंग (हिटने मिळवलेल्या बेसांचं प्रमाण) | ०.५५३ | ०.४७५ |
| चोरलेले बेस | १८१ | ४०० |
| ओपीएस प्लस (ऑन-बेस व स्लगिंग मिळून, काळ-मैदानानुसार जुळवलेला; १०० म्हणजे सरासरी) | १४० | १२८ |

पहिली नजर सरासरी आणि होम रनवर जाते आणि बहुतेकांचा निर्णय तिथेच होतो. तिथे थांबू नका. होम रन वगळले तर गेरेरोच्या हिट २,१४१ उरतात, अब्रेयूच्या २,१८२. म्हणजे जवळपास बरोबरी, शिवाय डबल अब्रेयूचे जास्त. खरा फरक दोनच रकान्यांत आहे : गेरेरोचे १६१ होम रन जास्त, अब्रेयूचे ७३९ वॉक जास्त. आता त्यांची किंमत लावा. एक होम रन सरासरी १.४ धावांच्या आसपास धरतात, एक वॉक ०.३ च्या. १६१ होम रनचे सुमारे २२५ धावा होतात, ७३९ वॉकचे सुमारे २२२. वॉकला कुणी टाळ्या वाजवत नाही, पण धावफलकावर तो असा भरून येतो.

मग ओपीएस प्लसमध्ये गेरेरो १२ गुणांनी पुढे कसा? कारण तो आकडा दर मोजतो, बेरीज नाही. गेरेरोला बॅटिंगची संधी ९,०५९ वेळा मिळाली, अब्रेयूला १०,०८१ वेळा. हजारावर जादा संधी म्हणजे दीड मोसमाचा खेळ. तेवढंच उत्पादन गेरेरोने कमी संधींत दिलं, म्हणून संधीमागे तोच सरस फलंदाज. इथे अब्रेयूच्या चाहत्यांनी हट्ट धरू नये. पण ती जादा संधी फुकट मिळालेली नव्हती. १९९८ ते २०१० अशी सलग १३ वर्षं तो दर मोसमात १५० पेक्षा जास्त सामने खेळला. रोज मैदानात उतरणं हाही गुणच आहे आणि त्याची नोंद कुठल्याही सरासरीत होत नाही.

बेसवर पोचल्यानंतरचा हिशेबही बघायला हवा. अब्रेयूने ४०० बेस चोरले, १२८ वेळा पकडला गेला : यश ७६ टक्के. गेरेरो १८१ वेळा यशस्वी, ९४ वेळा बाद : ६६ टक्के. दहातले सातच्या वर प्रयत्न साधले नाहीत, तर चोरी संघाला महागात पडते. शिवाय गेरेरोने २७७ वेळा डबल प्ले (एका चेंडूवर दोन बाद) ओढवून घेतला. टप्पा पडून आलेल्या चेंडूवरही बॅट फिरवणारा आणि तो खणखणीत मारणारा फलंदाज होता तो. स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद होणं) त्यामुळे कमी, कारकिर्दीत एकाही मोसमात १०० नाहीत. पण जोरकस चेंडू जमिनीवरून थेट क्षेत्ररक्षकाकडे गेला की एकाऐवजी दोन बाद. हे नुकसान ऑन-बेस, स्लगिंग कशातच उतरत नाही.

सगळं एकत्र धरणाऱ्या वॉरमध्ये (साध्या बदली खेळाडूपेक्षा संघाला किती जादा विजय दिले, याचा बेसबॉल-रेफरन्स या संकेतस्थळाचा आकडा) दोघेही ६० च्या आसपास आहेत, सर्वोत्तम सात मोसमांत दोघेही ४१ च्या. हॉलमधल्या राइट फील्डरांची सरासरी सुमारे ७१, पण त्यात बेब रूथ आणि हँक एरन बसलेत. त्या सरासरीला उंबरठा मानलं तर गेरेरोही बाहेर राहील.

मानसन्मानांत तुलनाच नाही : गेरेरो २००४चा एमव्हीपी (मोसमाचा सर्वात मोलाचा खेळाडू), नऊदा ऑल-स्टार (निवडक खेळाडूंच्या वार्षिक सामन्यात), अब्रेयू दोनदाच. हा पुरावा टाकून देऊ नये, पण हे सन्मान देणारे त्या काळचे मतदार वॉकला फारसं मोल देत नव्हते हे ध्यानात ठेवून त्याचं वजन निम्मं करावं.

आमचं मत स्पष्ट आहे. गेरेरो निर्विवाद, अब्रेयू सीमारेषेवरचा, पण रेषेच्या आतला. ९२.९ आणि ५.५ यांच्यातलं अंतर त्यांच्या खेळात कुठेच दिसत नाही. मतपत्रिकेवर जास्तीत जास्त दहा नावं लिहिता येतात, निवडीला ७५ टक्के लागतात आणि उमेदवाराला दहाच वर्षं मिळतात. अब्रेयूचं शेवटचं वर्ष २०२९ ठरतं. दहावी जागा रिकामी सोडायचा विचार असेल, तर तिथे त्याचं नाव लिहा. दहाही जागा भरत असतील, तर आधी ज्याच्या हातात जास्त वर्षं आहेत असा सीमारेषेवरचा उमेदवार वगळा.