गॅरेजच्या कोब्याला कर्ब घ्यायचा का? आमच्या काँट्रॅक्टरच्या कामाचा रिव्ह्यू

चिपळूणला घराशेजारी गाडीसाठी पत्र्याची शेड केली, काँट्रॅक्टर गावातलाच. त्याचं म्हणणं कोबा सपाट टाकू, कर्ब (म्हणजे कडेने उचललेली काँक्रीटची पट्टी) कशाला, खर्च वाढतो. पण कोकणातला पाऊस, त्यात पत्र्याला खालून गंज लागतो तो लागतोच, म्हणून तिन्ही बाजूंनी ६ इंच उंच, ५ इंच रुंद कर्ब घ्यायलाच लावला आणि पत्र्याची फ्रेम त्यावर बोल्टने बसवली. शटरच्या बाजूला अर्थात कर्ब नाही, तिकडे २० फुटाला अडीच इंच उतार, त्यामुळे आत पाईप लावून गाडी धुतली तरी पाणी आपोआप बाहेर.

काम चांगलंय. कोब्याच्या स्लॅबमधून ८ एमएमचे लोखंडी बार वर काढून ठेवले होते, कर्ब दुसऱ्या दिवशी ओतला तरी जोड पक्का बसला, आणि गोणपाट टाकून आठवडाभर पाणी मारलं ते न सांगता. फक्त एका कोपऱ्यात साच्याच्या फळ्या नीट आवळल्या नव्हत्या, तिथे कर्बला पोट आलंय, ग्राइंडर मारतो म्हणाला, अजून वाट बघतोय! छोटी गाडी असेल तर ठीक, पण जागा अरुंद असेल तर दार उघडताना कर्ब पायात येतो, आतलं माप कर्ब सोडून धरा.

५ पैकी ४.