फोन गेला, कार्डं राहिली: अँकीचा वापरानंतरचा अनुभव

हे लिहायला निमित्त झालं ते फोन बॅरलमध्ये पडल्याचं. सोलापुरात आमच्या भागात चार-पाच दिवसांआड पाणी येतं आणि कधी कधी पहाटेच सुटतं. मग एका हातात पाइप आणि दुसऱ्या हातात फोनचा टॉर्च, असं अर्धी गल्ली उभी असते. फोन तांदळात ठेवून पाहिला, उपयोग झाला नाही. दुरुस्तीला दिला तर तिसऱ्या दिवशी दुकानदाराने सतराशे रुपये मागितले आणि फोन हातात दिला. चालू करून बघते तर आत काहीच नाही. "फॉरमॅट मारावाच लागतो ताई, डेटाची गॅरंटी नसते." हे फोन उघडायच्या आधी सांगायला काय झालं होतं? पाच मिनिटं भांडून दोनशे कमी करून घेतले, पण घरातले फोटो आणि नोट्सचे सगळे पीडीएफ गेले ते गेलेच.

घरी येऊन अँकीड्रॉइड परत टाकलं, म्हणजे प्रश्न-उत्तरांची कार्डं ठरावीक अंतराने परत परत विचारणाऱ्या अँकी या अ‍ॅपचं अँड्रॉइडवरचं रूप. खातं जोडलं, सर्व्हरवरची प्रत फोनवर आणायला सिंक दाबलं. कार्डं आली. नुसते प्रश्न-उत्तरं नाहीत, तर कोणतं कार्ड परवा विचारायचं आणि कोणतं थेट दिवाळीनंतर, हा सगळा हिशोब जसाच्या तसा परत आला. त्या संध्याकाळी मला जे हायसं वाटलं ते शब्दांत सांगता येणार नाही. गेल्या पावसाळ्यापासून एमपीएससीच्या संयुक्त परीक्षेसाठी मी हे वापरतेय, त्या सगळ्या मेहनतीचा हा एकमेव पुरावा होता. तुम्ही वापरत असाल तर आज रात्री सिंक करा. आणि नव्या फोनवर "डाउनलोड की अपलोड" असं विचारलं तर डोळे उघडे ठेवून डाउनलोड निवडा. उलटं दाबलं तर फोनवरचा रिकामा साठा सर्व्हरवर चढतो आणि तिथली कार्डं पुसली जातात.

अँकीची सगळी ओळख करून देत बसत नाही. मला ते का पटलं तेवढं सांगते. अभ्यासिकेत आम्ही सगळे एकच पान चार-चारदा वाचतो आणि चौथ्यांदा वाचताना ते इतकं ओळखीचं वाटतं की आता येतंय असंच वाटायला लागतं. पेपरात चार पर्याय समोर आले की त्यातले दोन ओळखीचे वाटतात, आणि चुकीच्या उत्तराला पाव गुण कापले जातात. रोडिगर आणि कार्पिक यांचा 2006 सालचा प्रयोग याच विषयावर आहे. उतारा पुन्हा वाचणाऱ्या मुलांना पाच मिनिटांनी जास्त आठवलं, पण आठवड्यानंतर ज्यांनी पुस्तक मिटून आठवून लिहिलं होतं तेच पुढे गेले. कार्ड रोज तेच करायला लावतं. पान दिसत नाही, आठवावंच लागतं.

आता पैशाचं. अँड्रॉइडवर आणि कॉम्प्युटरवर हे फुकट आहे. आयफोनवरचं अ‍ॅप विकत घ्यावं लागतं, पण माझी मैत्रीण ब्राउझरमध्ये अँकीवेब उघडून फुकटातच काम भागवते. मी पैसे घालवले ते एका तयार डेकवर, म्हणजे कार्डांच्या संचावर, 299 रुपये. विकणाऱ्याने "संपूर्ण राज्यघटना" म्हणून दिलेल्या डेकमध्ये एकेका कार्डाच्या मागे अख्खा परिच्छेद चिकटवलेला होता. अकराव्या अनुसूचीतले 29 विषय एकाच कार्डावर! असं कार्ड आठवलं की नाही हे ठरवायचं कसं? 22 आठवले तर बरोबर की चूक? पैसे परत मागितले तर उत्तर नाही. तयार डेक विकत घेऊ नका. कार्ड बनवताना जो विचार होतो, निम्मा अभ्यास तिथेच होतो.

माझा खरा वाद आहे तो लीचवर, म्हणजे सारख्या चुकणाऱ्या कार्डांवर. एकदा पक्कं झालेलं कार्ड पुढे आठ वेळा विसरलं, म्हणजे आठ वेळा "अगेन" (आठवलं नाही) दाबलं गेलं, की अँकी त्याला लीचचा टॅग लावतं आणि सेटिंग तसं असेल तर ते विचारणंच थांबवून टाकतं. स्क्रीनच्या खाली क्षणभर एक ओळ येते आणि जाते. घाईत असलात तर दिसतही नाही. मला याचा प्रचंड राग आला होता. जे कार्ड मला येत नाही तेच काढून घ्यायचं? परीक्षेत तोच प्रश्न येणार आहे! अभ्यासिकेत ज्याला त्याला मी हेच सांगत होते, की सेटिंगमध्ये जाऊन "फक्त टॅग लावा" हा पर्याय निवडा.

तो पर्याय आजही निवडून ठेवला आहे, पण मत बदललं. एका रविवारी अँकीतल्या कार्डांच्या यादीत लीच टॅगची सगळी कार्डं काढली आणि एकाखाली एक वाचली. जवळजवळ सगळी जोडीनेच अडकली होती. कलम 243 झ आणि 243 ट. एक राज्य वित्त आयोग, दुसरा राज्य निवडणूक आयोग. दोन्ही "राज्य", दोन्ही "आयोग", दोन्ही पंचायतींच्या भागात. एकाचं उत्तर दुसऱ्याला, दुसऱ्याचं पहिल्याला, असं महिनोन्‌महिने चाललेलं. हे अजून शंभर वेळा विचारलं असतं तरी सुटलं नसतं. ती कार्डं जशी होती तशी विचारत राहण्यात अर्थ नाही, एवढं अँकीचं म्हणणं बरोबरच होतं.

ते सुटलं आईमुळे. संध्याकाळी ती सुपात तेंदूची पानं आणि तंबाखू घेऊन विड्या वळत बसते आणि मी शेजारी बसून मोठ्याने उत्तरं देते. आई चौथी शिकलेली. झ आणि टचा घोळ रोज ऐकून ती एक दिवस कात्री न थांबवता म्हणाली, "अगं, झ झबल्याचा. बाळ झालं की पैसा लागतोच." वित्त आयोग! मग ट मी जोडला: ट टपालाचा, टपाली मतदान, निवडणूक आयोग. दोन्ही कार्डांवर ही ओळ घातली आणि तिसरं नवं कार्ड बनवलं, ज्यात दोन्ही समोरासमोर विचारले आहेत. त्यानंतर ही जोडी चुकलेली नाही.

तसंच चार हुतात्म्यांचं. "12 जानेवारी 1931 ला येरवड्यात कोणाला फाशी झाली" असं एकच कार्ड होतं आणि दरवेळी तीन नावं यायची. सोलापूरच्या मुलीला हे शोभत नाही. आता चार कार्डं आहेत. प्रत्येकात तीन नावं दिसतात आणि चौथं रिकामं असतं: मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. या चौघांच्या चार पुतळ्यांवरून जाताना चारही नावं आपोआप तोंडात येतात.

बाकी थोडक्यात. सेटिंगमध्ये एफएसआरएस, म्हणजे कार्ड पुन्हा कधी विचारायचं हे ठरवायची नवी पद्धत, चालू करा. जुनी पद्धत 1987 च्या सुपरमेमोच्या सूत्रावर चालते, तर 2023 मध्ये अँकीत आलेली ही नवी पद्धत तुमच्याच उत्तरांचा इतिहास बघून अंतर ठरवते. अपेक्षित स्मरण, म्हणजे विचारल्यावर किती टक्के कार्डं आठवावीत हा आकडा, 90 टक्क्यांवरच ठेवा. परीक्षा जवळ आली म्हणून मी ते 95 करून पाहिलं, तर रोजची कार्डं इतकी वाढली की गणिताला वेळच उरेना. आणि विसरलात तर "हार्ड" दाबू नका, "अगेन" दाबा. हार्ड म्हणजे कष्टाने का होईना, आठवलं.

गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत घरात पाहुणे होते, जवळपास आठवडाभर अ‍ॅप उघडलं नाही. नंतर आकडा बघून पोटात गोळा आला. पण मूळ सेटिंगमध्ये दिवसाला 200 च उजळणीची कार्डं समोर येतात, बाकीची रांगेत थांबतात. नवी कार्डं शून्यावर आणली आणि दोन आठवड्यांच्या आत रांग संपली.

धाकटा भाऊ यंदा डी. फार्मला लागला. त्याला औषधांची नावं पाठ करायची आहेत म्हणून माझ्याकडून शिकून घेतलं. त्याला फोनवर रिकामं अँकी टाकून दिलं आहे, पहिली दहा कार्डं त्याने स्वतः बनवली. आठव्या कार्डावर त्याने एका औषधाचे सहा दुष्परिणाम एकत्र लिहिले होते, ते मी तिथल्या तिथे तोडायला लावले.