गिअरबॉक्स गेला म्हणाले होते, गेला नव्हता (भोसरीच्या एका छोट्या गॅरेजबद्दल)

मंडळी, जरा लांबलचक लिहितोय, पण ज्यांच्याकडे दहा-पंधरा वर्षं जुनी ऑटोमॅटिक एसयूव्ही आहे त्यांनी शेवटपर्यंत वाचा, कारण माझे जवळजवळ चार लाख वाचलेत.

गाडी 2009 ची, जर्मन, डिझेल, सहा गिअरची ऑटोमॅटिक. 2018 ला कोल्हापूरच्या एका डॉक्टरांकडून सेकंडहँड घेतली तेव्हा 84 हजार चाललेली होती, आता दीड लाखाच्या पुढे आहे. घरात सगळ्यांचा जीव आहे तिच्यावर, त्यात आईचे गुडघे दुखतात आणि छोट्या गाडीत वाकून बसणं तिला जमत नाही, हिच्यात ती सरळ सीटवर टेकते आणि पाय आत घेते. त्यामुळे विकून टाक आणि नवीन घे असं सांगणारे भरपूर भेटले तरी माझी तयारी नव्हती.

झालं असं की दिवाळीच्या आधी आईला घेऊन साताऱ्याला निघालो होतो. खंबाटकी घाट चढताना पुढे कंटेनरची रांग, म्हणून हळू चाललो होतो, जरा जागा मिळाली म्हणून ॲक्सिलरेटर दाबला तर इंजिनचा आवाज एकदम वाढला, काटा वर गेला आणि गाडी आहे तिथेच, मग धाडकन गिअर पडला. आई मागून ओरडलीच. डॅशबोर्डवर पिवळा दिवा, गिअरबॉक्सचा मेसेज, आणि त्यानंतर गाडी एकाच गिअरला अडकली, त्याला लिंप मोड म्हणतात, म्हणजे गिअरबॉक्स स्वतःला वाचवायला एकच गिअर धरून ठेवतो आणि तुम्ही कशीबशी गाडी घरी न्यायची. बाजूला घेतली, बंद केली, दहा मिनिटांनी चालू केली तर काही झालंच नाही अशी चालायला लागली. तेव्हा आठवलं की महिनाभर रिव्हर्स टाकल्यावर ती दोन-दोन सेकंद विचार करायची, पण मी लक्ष दिलं नव्हतं.

पुण्यात आल्यावर एका मोठ्या, एसी लाऊंजवाल्या वर्कशॉपला नेली. नाव घेत नाही. स्कॅनर लावला, वीस मिनिटांत कागद हातात, त्यावर गिअर रेशो (आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या वेगांचं प्रमाण) जुळत नाही असा कोड, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेला बिघाड. ॲडव्हायझर म्हणाला सर गिअरबॉक्स गेलाय, या वयाच्या गाडीत होतंच, रिकंडिशन्ड बसवू, 4 लाख 60 हजार. मी विचारलं ऑइल लेव्हल बघितली का, तर म्हणे याचं ऑइल लाइफटाइम असतं, डिपस्टिकच नसते, बघायची सोय नाही. डिपस्टिक नसते हे खरं आहे. पण लेव्हल बघता येत नाही हे साफ चुकीचं आहे, आणि हे मला त्या दिवशी माहीत नव्हतं याचं अजून वाईट वाटतं. वर त्यांनी कोड पुसूनही टाकला होता.

ऑफिसमधल्या एका मित्राने भोसरी एमआयडीसीतलं हे गॅरेज सांगितलं. पत्र्याची शेड, दोन लिफ्ट, एक दादा आणि दोन पोरं, आणि काम फक्त ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं. नाव-पत्ता इथे टाकत नाही कारण दादांनीच सांगितलंय की हात कमी आहेत, गर्दी झाली की काम बिघडतं. पहिलंच वाक्य त्यांचं, आधी तपासणी होईल, तिचे साडेतीन हजार वेगळे, दिवसभर गाडी सोडायची, नंतर काम माझ्याकडे करा नाहीतर कुठेही करा. मला आधी ते खटकलं, बाकी ठिकाणी तपासणी फुकट असते ना. आता वाटतं की त्या दोन वर्कशॉपमधला सगळा फरक इथेच होता. तपासायचे पैसे मिळाले की माणूस नीट बसून तपासतो, बॉक्स विकून कमवायची त्याला गरज राहत नाही.

आधी अर्धा तास नुसते प्रश्न. गाडी थंड असताना होतं का गरम झाल्यावर? कितव्यातून कितव्यात जाताना? हळू ॲक्सिलरेटरला का जोरात दाबल्यावर? रिव्हर्स लगेच पकडते का? पार्किंगमध्ये खाली डाग पडतो का? मग बॅटरीचं व्होल्टेज बघितलं, कारण बॅटरी मेली असली की या गाड्यांमधले कंट्रोल युनिट भलतेसलते कोड टाकतात. इंजिनचे माउंटिंग हलवून बघितले. कारण झटका बसला म्हणजे गिअरबॉक्सच असं नसतं, फुटलेला माउंट नाहीतर मिसफायर (इंजिनमध्ये इंधन नीट न पेटणं) हाही तस्साच जाणवतो.

मग लॅपटॉप जोडून दादा माझ्या शेजारी बसले आणि नाशिक रोडने मोशीकडे निघालो. मला म्हणाले तुम्ही फक्त सावकाश चालवा, मी आकडे बघतो. स्क्रीनवर दोन आकडे, एक टर्बाइनचा म्हणजे टॉर्क कन्व्हर्टरकडून (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारा भाग) गिअरबॉक्सच्या आत जाणाऱ्या शाफ्टचा वेग, दुसरा आउटपुटचा म्हणजे चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टचा. हा बॉक्स झेडएफ या जर्मन कंपनीचा, मॉडेल 6एचपी26, याचे रेशो ठरलेले आहेत, दुसरा 2.340, तिसरा 1.521, चौथा 1.143. म्हणजे आउटपुट 1000 ने फिरत असेल तर दुसऱ्या गिअरमध्ये टर्बाइन 2340 दाखवणार आणि तिसरा पडला की खाली 1521 ला येणार. थंड असताना अगदी तसंच होत होतं. तासभर चालवून ऑइल 90 डिग्रीच्या पुढे गेलं आणि मग दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना तो आकडा खाली यायच्या ऐवजी वर गेला, 2700, क्षणभर तिथेच लटकला आणि मग धपकन खाली. घाटात जे मी कानांनी ऐकलं होतं ते इथे डोळ्यांनी बघितलं. चौथ्यातून पाचव्यातही तेच. तिसऱ्यातून चौथ्यात मात्र लोण्यासारखी.

परत आल्यावर दादांनी एका जुन्या बिलाच्या पाठीवर पेनाने तक्ता काढला, तो मी अजून जपून ठेवलाय. या बॉक्समध्ये पाचच क्लच-ब्रेक आहेत, ए, बी, सी, डी, ई, आणि प्रत्येक गिअरला त्यातले दोन-दोन पकडतात. पहिला ए आणि डी, दुसरा ए-सी, तिसरा ए-बी, चौथा ए-ई, पाचवा बी-ई, सहावा सी-ई, रिव्हर्स बी-डी. मग म्हणाले आता तुमची तक्रार यात मांडा. तिसरा नीट पडत नाही, पाचवा नीट पडत नाही, रिव्हर्स उशिरा पकडते. तिन्हीत कॉमन कोण? बी! बाकी चारही क्लच ठणठणीत. हे बघून मला जो आनंद झाला तो शब्दांत सांगता येत नाही, कारण वीस मिनिटांत "गेला" म्हणून सांगितलेल्या अख्ख्या गिअरबॉक्समधून एका क्लचपर्यंत आपण पोचलो होतो, तेही एक नटबोल्ट न उघडता.

पण बी क्लच घसरतोय म्हणजे बी क्लच जळलाय असंही नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं. क्लच ऑइलच्या प्रेशरने दाबला जातो. प्रेशर पोचत नसेल तर नवीन क्लचही घसरेल.

म्हणून पुढे ऑइल लेव्हल. तर सोय अशी आहे बघा, गिअरबॉक्सच्या बाजूला एक फिलर प्लग असतो. गाडी लिफ्टवर एकदम लेव्हलमध्ये, इंजिन चालू, रिव्हर्स आणि ड्राइव्ह एकदा फिरवून घ्यायचे, आणि ऑइलचं तापमान स्कॅनरवर 40 डिग्रीच्या आसपास असताना प्लग उघडायचा, बारीक धार आली की लेव्हल बरोबर. हे गाडी थंड असल्याशिवाय जमत नाही, म्हणून रात्रभर गाडी ठेवून दुसऱ्या दिवशी सकाळी केलं. प्लग उघडला तर थेंबही नाही. जवळजवळ दीड लिटर आत गेलं तेव्हा कुठे धार आली! वायरिंगचा मोठा गोल कनेक्टर जिथून गिअरबॉक्सच्या आत जातो तिथे एक प्लॅस्टिकची स्लीव्ह असते, तिच्या ओ-रिंग वर्षानुवर्षांच्या उष्णतेने कडक होतात आणि तिथून ऑइल पाझरत चेंबरवर, म्हणजे गिअरबॉक्सच्या तळाच्या ऑइलच्या ट्रेवर, उतरतं. बघणाऱ्याला वाटतं चेंबरचं पॅकिंग लीक आहे. खाली प्लॅस्टिकचं कव्हर असल्यामुळे माझ्या पार्किंगमध्ये डाग कधी पडलाच नाही.

माझ्यासारख्या माणसाने इथे म्हटलं असतं चला झालं, टॉपअप करा आणि द्या गाडी. दादा म्हणाले नुसतं कमी ऑइल हेच कारण असतं तर सगळेच क्लच बोंबलले असते, एकटा बी का? तपासणीचा कागद तिथे बंद केला, खर्चाचा अंदाज दिला आणि विचारलं पुढे जायचं का. मी हो म्हणालो.

चेंबर उतरवलं तेव्हा मी मुद्दाम हाफ डे टाकून गेलो होतो. चेंबर प्लॅस्टिकचं असतं आणि फिल्टर त्यातच बसवलेला, त्यामुळे फिल्टर बदलायचा म्हणजे चेंबरच नवीन. आतल्या लोहचुंबकांवर करडी पेस्ट होती, बोटावर घेतली तर काजळासारखी मऊ, चमकणारा एक कण नाही. ती नॉर्मल झीज. चमकी किंवा धातूचे तुकडे असते, नाहीतर तळाला क्लचच्या अस्तराचा काळा चुरा साचलेला असता तर बॉक्स खाली उतरवावाच लागला असता, दादांनी ते आधीच सांगून ठेवलं होतं. ऑइल काळपट झालेलं, पण जळका वास नव्हता. मग मेकाट्रॉनिक म्हणजे व्हॉल्व्ह बॉडी (क्लचना ऑइलचं प्रेशर वाटणारा भाग) आणि कंट्रोल युनिटचा तो जोड खाली घेतला, आणि त्याच्या नि गिअरबॉक्सच्या मधे जो रबरी लेपाचा ब्रिज सील असतो तो दादांनी माझ्या हातात दिला. नवीन सील नखाने दाबला तर दबतो. हा जुना दगडासारखा, आणि एका कडेला केसाएवढी चीर. ऑइल गरम होऊन पातळ झालं की प्रेशर तिथून निसटत होतं, थंड असताना जाड ऑइल टिकून राहायचं म्हणून सकाळी गाडी चांगली. एवढ्याशा रबरासाठी 4 लाख 60 हजार!

स्लीव्ह, सील, मधल्या नळ्या, चेंबर आणि कंपनीच्याच ग्रेडचं ऑइल घातलं. मशीन लावून फ्लश नाही केलं, जुन्या बॉक्समधली घाण उचलून व्हॉल्व्हमध्ये अडकू शकते म्हणाले. मग स्कॅनरने जुनं अडॅप्टेशन पुसलं, म्हणजे घसरणाऱ्या क्लचशी जमवून घ्यायला कॉम्प्युटरने जे आकडे शिकून ठेवले होते ते, आणि शंभरेक किलोमीटर सावकाश चालवून नवीन शिकू दिले. बी क्लचचा आकडा मर्यादेला टेकलेला होता तो मधे आला, ते आधीचं आणि नंतरचं दोन्ही प्रिंट बिलासोबत दिलं. बिल तपासणी धरून 71,400.

आणि त्या लाइफटाइम ऑइलबद्दल. गाडीच्या पुस्तकात बदलू नका असं असलं तरी गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ स्वतः सांगते की 80 हजार ते 1 लाख 20 हजार किलोमीटरला किंवा आठ वर्षांनी ऑइल बदला. ही कंपनी 1915 साली झेपेलिन एअरशिपचे, म्हणजे गॅसवर तरंगणाऱ्या त्या अवाढव्य हवाई नौकांचे, गिअर बनवायला निघालेली, त्यांना गिअरमधलं कळत असणार हो! माझ्या गाडीचं ऑइल इतक्या वर्षांत एकदाही बदललेलं नव्हतं.

आता गॅरेजचे दोष पण सांगतो. नऊ दिवस गाडी अडकली, त्यातले सहा पार्ट येण्यात गेले. फोन उचलत नाहीत, संध्याकाळी सात नंतरच बोलतात. बसायला जागा नाही, पावसात आत चिखल. पिकअप-ड्रॉप नाही. आणि सकाळी एकदम थंड असताना तिसऱ्यातून दुसऱ्यात येताना किंचित धक्का अजून आहे, दादांनी तो राहील असं आधीच सांगितलं होतं, व्हॉल्व्ह बॉडीची थोडी झीज आहे, आत्ता हात लावायची गरज नाही म्हणाले. मला ते पटलं.

काम होऊन 11 हजार किलोमीटर झालेत, खंबाटकी तीनदा चढून झाला. मागच्या वेळी आई घाट सुरू व्हायच्या आधीच झोपली ती थेट वाढे फाट्याला उठली.

कोणाला जायचं असेल तर मेसेज करा, नंबर देतो, आधी दादांना विचारून. गाडी आदल्या संध्याकाळी नेऊन ठेवा, सकाळी थंड मिळाली पाहिजे त्यांना. आणि आधी कुठे स्कॅन केलं असेल तर त्या कागदाचा फोटो न्या, कोणी कोड पुसले असतील तर तेही सांगा, मी सांगायला विसरलो होतो आणि त्यात त्यांचा अर्धा दिवस गेला.